लांबचे भिंग, जवळचा खिसा

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस प्रत्येक मध्यमवर्गीय घरात एक अर्थसंकल्पी अधिवेशन भरते. बोनस किती, रंगकाम किती, पोरांचे कपडे किती, दिवाळसणाला येणाऱ्या जावयाचे काय, अशा मागण्या एकामागून एक मांडल्या जातात. अध्यक्षस्थानी अर्थातच गृहलक्ष्मी असते आणि गृहस्थ फक्त सही करतो. या अधिवेशनात गेली काही वर्षे आमच्या सोलापुरात एक नवीच मागणी ऐकू येऊ लागली आहे. ती म्हणजे टेलिफोटो लेन्सची.

एकेकाळी घरातला मुलगा हट्ट धरायचा तो सायकलीसाठी, फार तर क्रिकेटच्या बॅटसाठी. आता तो सकाळी पाचला उठतो (परीक्षेच्या दिवसांतही जो सातला उठत नसे!), गळ्यात कॅमेरा अडकवतो आणि हिप्परग्याच्या तलावावर नाहीतर नान्नजच्या माळावर जातो. दुपारी घरी येतो तो खट्टू होऊन. "पक्षी मिळाला, पण लहान आला," हे त्याचे दुःख असते. आणि त्या दुःखावरचा उपाय दुकानाच्या काचेत मांडलेला असतो.

मी मराठीचा प्राध्यापक. भिंगांच्या बाबतीत माझा अधिकार तो काय? पण वीसएक वर्षे रविवारच्या सकाळी दुर्बीण आणि एक साधा कॅमेरा घेऊन माळावर हिंडत आल्यामुळे नात्यागोत्यात आणि कॉलेजात माझी उगाचच तज्ज्ञ म्हणून ख्याती झाली आहे. त्यामुळे असे तंटे माझ्यापुढे येतात. मागच्या वर्षीचा तंटा तर घरचाच होता.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा नुकताच नोकरीला लागलेला. कॉलेजात असताना घेतलेला कॅननचा कॅमेरा आणि ५५-२५० मि.मी.चे भिंग त्याच्याजवळ होते. आता त्याला १५०-६०० मि.मी.चे नवे भिंग हवे होते. किंमत लाखाच्या आगेमागे. अठरा महिन्यांचे हप्ते. त्याच अठरा महिन्यांत त्याच्या धाकट्या बहिणीचे पुण्यातले वसतिगृह आणि फी हा खर्चही घरावर होता. ताईने मला बोलावून घेतले.

"अण्णा, तूच सांग त्याला. मी काही बोलले की 'आई, तुला त्यातलं कळत नाही' म्हणतो. ते खरंच आहे. पण हप्ता म्हणजे काय ते मला कळतं."

भाच्याला मी विचारले, "सहाशेच का रे?"

"मामा, सहाशेच्या खाली पक्षी मिळतच नाहीत. सगळे तेच सांगतात."

"सगळे म्हणजे कोण?"

"ज्यांच्याकडे सहाशे आहे ते."

वाचकहो, या उत्तरात या छंदाचे सारे अर्थशास्त्र आले आहे. तेव्हा ज्यांच्याकडे सहाशे नाही त्यांची बाजू आज या सदरात मांडतो.

प्रथम हे मि.मी. प्रकरण काय आहे ते पाहू. 'टेली' म्हणजे दूर आणि 'फोटो' म्हणजे प्रकाश, दोन्ही शब्द ग्रीक. भिंगावर लिहिलेला आकडा हे त्याचे नाभीय अंतर. ते दुप्पट झाले की कॅमेऱ्याच्या आतल्या पडद्यावर पक्ष्याची प्रतिमा दुप्पट लांबीची पडते. हिशेब चौथीच्या त्रैराशिकाचा आहे. आपल्या माळावरचा चंडोल साधारण १५ सें.मी. लांब. तो १५ मीटरवर बसला असेल तर ३०० मि.मी.च्या भिंगातून त्याची प्रतिमा ३ मि.मी. पडेल. सामान्य कॅमेऱ्यातला पडदा असतो साधारण २४ मि.मी. रुंद, म्हणजे चंडोलाने चित्राचा आठवा हिस्सा व्यापला. सहाशेचे भिंग लावले तर प्रतिमा ६ मि.मी. होईल. पण हीच ६ मि.मी. आणखी एका मार्गाने मिळते. तीनशेचेच भिंग ठेवा आणि चंडोलापासूनचे अंतर साडेसात मीटर करा. पहिल्या मार्गाला लाख रुपये लागतात, दुसऱ्याला लागते ती बसकण! एका जागी, बाभळीच्या आडोशाला अर्धा-पाऊण तास गप्प बसले की चंडोल स्वतःच ते अंतर कमी करतो. आपण त्याच्याकडे गेलो तर उडतो. तो आपल्याकडे आला तर बराच वेळ राहतो.

दुसरा आकडा 'एफ'चा. नाभीय अंतराला भिंगाच्या तोंडाच्या उपयुक्त व्यासाने भागले की हा आकडा येतो, म्हणून तो जितका लहान तितका उजेड जास्त. ६०० मि.मी. आणि एफ/४ म्हणजे तोंडाचा व्यास १५० मि.मी., देवपूजेच्या ताम्हणाएवढी काच! ती निर्दोष घडवायची म्हणून त्या भिंगाची किंमत दहा लाखांच्या वर जाते. तेच ६०० मि.मी. एफ/६.३ ला आणले की व्यास ९५ मि.मी. होतो आणि किंमत एकदम लाखाच्या घरात उतरते. म्हणजे दहापट पैसे जातात ते मुख्यतः उजेडासाठी. आता प्रश्न असा की, सोलापूरकराने उजेड विकत घ्यावा काय? ताडोबाच्या बांबूच्या वनात पहाटे वाघ टिपायचा असेल तर ती गोष्ट वेगळी. आमच्याकडे सूर्यनारायण दर दिवशी पाट भरभरून ऊन ओततो. जे फुकट मिळते त्याला दहा लाख कोण मोजणार?

आता बाजारात काय मिळते ते स्वस्तापासून महागाकडे क्रमाने सांगतो.

पहिली पायरी, बहुधा घरात असलेल्याच भिंगाची. कॅननचे ५५-२५०, निकॉनचे ७०-३०० ही अर्ध्या किलोहूनही हलकी भिंगे. लांब टोकाला ती किंचित मऊ वाटली तर छिद्र एफ/८ वर आणावे, चित्र ठसठशीत होते. सिद्धेश्वर तलावाच्या काठचे बगळे, अंगणातले सूर्यपक्षी, शेतबांधावरचे नीलपंख यांना ती पुरतात. उजनीच्या जलाशयावर भिगवणच्या बाजूला कुंभारगाव, डिकसळ येथून नावेने गेलात तर हिवाळ्यात रोहित पक्ष्यांच्या थव्यांना तीनशे मि.मी. भरपूर होते, सहाशे लावले तर नुसत्या माना येतात! फक्त नावाड्याला लांबूनच थांबायला सांगावे. थवा उडवून दाखवण्याचे जादा पैसे देऊ नयेत.

दुसरी पायरी, एकाच नाभीय अंतराची जुनी भिंगे. कॅननचे ४०० मि.मी. एफ/५.६ हे १९९३ सालचे भिंग वजनाने सव्वा किलो. त्यात हात स्थिर राखण्याची यंत्रणा नाही, पण काच धारदार आणि नेम धरण्याची गती उत्तम. निकॉनवाल्यांना ३०० मि.मी. एफ/४ आणि त्यामागे १.४ पटीचा वर्धक जोडता येतो. होतात ४२० मि.मी. आणि एफ/५.६. वर्धकाचा नियम ध्यानात ठेवावा, १.४ पटीचा वर्धक उजेड निम्मा करतो आणि दुपटीचा वर्धक पावपट ठेवतो. एफ/५.६ च्या झूमला दुपटीचा वर्धक लावून 'आठशे केले' म्हणून मिरवणारे भेटतात. पण एफ/११ ला त्यांच्या जुन्या कॅमेऱ्याची आपोआप नेम धरण्याची शक्तीच संपलेली असते.

तिसरी पायरी, मोठी झूम भिंगे. टॅमरॉनचे १५०-६०० आले २०१३ च्या अखेरीस. सिग्माचे आणि निकॉनचे २००-५०० मि.मी. एफ/५.६ त्यापाठोपाठ २०१५ च्या सुमारास. पूर्वी श्रीमंतांचे असलेले अंतर या भिंगांनी पगारदारांच्या टप्प्यात आणले हे मान्यच केले पाहिजे. मात्र वजन दोन किलोंच्या आसपास. दुकानात ते पाच मिनिटे हातात धरतो. माळावर चार तास धरावे लागते. माझ्या एका सहकाऱ्याने असे भिंग हौसेने घेतले आणि तीन महिन्यांत त्याची जागा कपाटाच्या वरच्या फळीवर, दिवाळीच्या आकाशकंदिलाशेजारी झाली.

चौथी पायरी, आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांची. कॅननने २०२० मध्ये ६०० मि.मी. एफ/११ चे भिंग काढले, वजन किलोभराहून कमी. २०२१ मध्ये १००-४०० मि.मी., तेही ६३५ ग्रॅमचे. जाणकारांनी एफ/११ ऐकून नाके मुरडली. पण आमच्या उन्हात ते सकाळी आठनंतर बिनतक्रार चालते. संध्याकाळी सूर्य कलला की मात्र मिटवून ठेवावे.

आणि निवृत्त मंडळींसाठी एक आडवाट. ज्याचे भिंग बदलता येत नाही असा मोठ्या झूमचा कॅमेरा. निकॉनच्या २०१५ च्या 'पी ९००'ची झेप ८३ पटींची, मोठ्या पडद्याच्या हिशेबाने २००० मि.मी. त्याचा पडदा लहान, म्हणून भिंतीवर लावण्याजोगे चित्र क्वचितच निघते. पण तलावाच्या मध्यावरचे बदक कोणते एवढे ओळखायला त्याच्यासारखा सोबती नाही.

टाळावे काय तेही सांगतो. 'फक्त अमुक हजारांत ८०० मि.मी.' अशी जाहिरात दिसली की पाकिटावर हात ठेवावा. ही भिंगे हाताने फिरवून नेम धरायची, एफ/८ किंवा त्याहून अंधारी असतात; पक्षी बसून वाट पाहत नाही. आरशाची ५०० मि.मी. एफ/८ ची भिंगे हलकी व स्वस्त खरी, पण पार्श्वभूमीवरच्या प्रत्येक चमकत्या ठिपक्याचा ती मेदुवडा करतात.

आता जुन्या बाजाराविषयी. लोक नव्या पद्धतीच्या कॅमेऱ्यांकडे वळू लागल्यामुळे आरशाच्या कॅमेऱ्यांची चांगली भिंगे जुन्या बाजारात येत आहेत. मध्यमवर्गीयाने लाजू नये, आपण जुनी घरे घेतो, जुन्या मोटारी घेतो. पण मुलगी पाहायला जाताना चार वडीलधारी नेतात तसे भिंग पाहायला जाताना एक विजेरी न्यावी. मागच्या टोकातून उजेड टाकून पुढून पाहावे. धुळीचे दोन-चार कण असतील तर हरकत नाही. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. एका मोठ्या शहरातल्या दुकानात मला असेच बुरशीचे भिंग 'एकदम स्वच्छ' म्हणून दाखवण्यात आले होते. विजेरी काढल्याबरोबर दुकानदाराला दुसरे गिऱ्हाईक आठवले. छिद्राच्या पात्यांवर तेल नको, झूमची नळी डळमळायला नको, नेम धरताना कुरकुर नको. आपला स्वतःचा कॅमेरा नेऊन, लावून, दारात उभे राहून दहा चित्रे काढावीत. कारण एकाच कंपनीचे भिंगही तिच्याच प्रत्येक कॅमेऱ्यावर चालते असे नाही. निकॉनची काही नवी 'एएफ-पी' भिंगे जुन्या कॅमेऱ्यांवर आपोआप नेम धरत नाहीत. आणि ज्यांच्यात मोटर नाही अशी जुनी भिंगे धाकट्या कॅमेऱ्यांवर मुकी होतात. मूळ बिल मागावे. आणि शक्य असेल तर पुण्या-मुंबईत भिंगे दिवसाच्या भाड्याने मिळतात, तसे एकदा आणून पाहावे. दोन दिवसांच्या भाड्यात अठरा महिन्यांचा पश्चात्ताप वाचतो.

भिंगाइतकाच महत्त्वाचा त्याचा टेकू. महागडी तिकाटणी घेण्याआधी जुन्या सोलापुरी चादरीची दोन वितींची पिशवी शिंप्याकडून शिवून घ्यावी आणि तीत ज्वारी भरावी. मोटारीच्या खिडकीवर, बांधावर, दगडावर ती ठेवून वर भिंग टेकवले की ते मांजरासारखे अंग सैल सोडून बसते. प्रवासात पिशवी रिकामी न्यावी. ज्वारी आमच्या जिल्ह्यात कुठेही मिळते. हात स्थिर राखणारी यंत्रणा आपल्या हाताचा कंप थांबवते, पक्ष्याची हालचाल नव्हे, हेही विसरू नये. उडत्या पक्ष्याला सेकंदाचा दीड-दोन हजारावा भाग लागतोच. त्यासाठी 'आयएसओ' वाढवावे लागले तर वाढवावे. थोडे रवाळ चित्र पुसट चित्रापेक्षा केव्हाही बरे.

आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. सोलापूरच्या उन्हात सकाळी नऊ-दहानंतर जमीन तापली की हवा थरथरू लागते. आमच्या कवींनी ज्याच्यावर इतके लिहिले ते मृगजळ हेच. भिंग जितके लांब आणि पक्षी जितका दूर, तितके हे मृगजळही मोठे होऊन चित्रात उतरते. दोनशे मीटरवरचा काळवीट दहा लाखांच्या भिंगातूनही पाण्यात हलल्यासारखाच दिसतो. तेव्हा भिंगाची लांबी वाढवण्याआधी गजराची वेळ अलीकडे आणावी.

मद्रासचे एम. कृष्णन (१९१२–१९९६) हे आपल्या देशातल्या वन्यप्राण्यांच्या छायाचित्रकारांतले अग्रणी. ते आयुष्यभर कृष्णधवल चित्रेच काढत राहिले, आणि तीही निरनिराळे भाग जुळवून स्वतः बनवलेल्या एका अवजड धुडाने. त्याला त्यांनी थट्टेने 'सुपर पॉन्डेरोसा' असे नाव दिले होते. तरी त्यांचे हत्ती आजही पाहत राहावेसे वाटतात. आणि आमच्या सोलापुरात जन्मलेले मारुती चितमपल्ली! वनखात्याची नोकरी करता करता त्यांनी रानातल्या माणसांकडून पाखरांची नावे गोळा केली, 'पक्षिकोश' केला. २००६ साली सोलापुरातच भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, आणि गेले तेही इथेच, १८ जून २०२५ रोजी. त्यांची हत्यारे पाहिली तर कान, डोळे, वही.

या सगळ्यात खरी गोष्ट पैशांचीही नाही. सोलापूरपासून वीस-बावीस किलोमीटरवर नान्नज. माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले तेव्हा त्याचे क्षेत्र सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर होते. पुढे ते कापून १,२२२ वर आले. एक मीटर उंचीचा हा रुबाबदार पक्षी; 'माळावरचा ढोक' हे त्याचे नाव किती नेमके! आज तो तिथे दिसणे ही नशिबाची गोष्ट झाली आहे. माळ मात्र अजून रिकामा नाही. काळवीट आहेत, खोकड आहे, लांडगा आहे, हिवाळ्यात भोवत्या ससाणे येतात. धाविक आणि टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. चित्रासाठी मोटार वाटेवरून माळात उतरवली की चाकाखाली काय चिरडले हे कळतही नाही. ज्याला आपण ओसाड समजतो तो माळ भरलेले घर आहे, आणि पाहुण्याने चपला घालून देवघरात जाऊ नये.

गेल्या हिवाळ्यात भाच्याचा मला सकाळीच फोन आला. त्याच्याबरोबर गेलेल्या मंडळींना लांडग्याच्या बिळाचा पत्ता लागला होता, आत पिले होती, आणि सगळे पायी बिळाकडे निघाले होते. "मामा, माझ्या अडीचशेत इथून काहीच येणार नाही. जाऊ का पुढे?" मी म्हटले, "लांडगी घाबरली की पिलं तोंडात धरून बीळ बदलते. वाटेत कुत्री आहेत, माणसं आहेत. आता तूच ठरव." तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी त्यांना थांबवून पाहतो." दोघे थांबले, तिघे गेले. भाचा चित्राशिवाय घरी आला. त्या दिवशी तो जेवताना फारसे बोलला नाही, असे ताईने सांगितले.

संक्रांतीनंतर त्याने भिंग घेतले ते जुने ४०० मि.मी. एफ/५.६, विजेरी लावून, दहा चित्रे काढून, रोख पैसे देऊन. हप्त्यांवर जे घेणार होता त्याच्या निम्म्याच्या आसपास किमतीत. बहिणीची फी वेळेवर गेली. ज्वारीची पिशवी ताईने स्वतः शिवून दिली आणि वर विचारले, "एवढ्या ज्वारीत भाकरी किती झाल्या असत्या ठाऊक आहे?"

तेव्हा ज्यांच्या घरी यंदा ही मागणी आली आहे त्या आईबापांना माझे सांगणे एवढेच. मागणी सरसकट फेटाळू नका. पहाटे उठून माळावर जाऊन बसणारा मुलगा पैसे उधळणाऱ्यांतला नसतो. त्याला जवळच्या भिंगावर एक हिवाळा काढू द्या, तोवर थोडे थोडे बाजूला टाकू द्या, आणि मग जे घ्यायचे ते त्याच्या कमाईतून, हप्त्याशिवाय घेऊ द्या. आणि मुलांनो, भिंग कोणतेही असो, जोडीला एक वही ठेवा. तारीख, जागा, वेळ, पक्षी, तो काय करत होता. हे दहा वर्षे लिहिलेत तर चित्रांइतकीच ती वहीही मोलाची होईल.

दिवाळी आली म्हणजे थंडीही आलीच. थोड्याच दिवसांत हिमालय ओलांडून पट्टकदंब हंस हिप्परग्याच्या पाण्यावर उतरतील. एका रविवारी फराळाचा डबा बांधून सगळे घर घेऊन काठावर जा. आवाज करू नका, फटाके घरी ठेवा. वाचकहो, दीपावलीच्या शुभेच्छा!